रामवाडीला न उडालेलं पातं

हिरामणनानांच्या हाताला उंचवटा खपत नसे, आणि जिभेला सपाट गोष्ट.

पेणमधल्या प्रविणच्या गणपती कारखान्यात नानांचं काम एकच. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर हात फिरवायचा. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं मूर्तीवर एक बारीक कड उठते. तुम्हाआम्हाला ती दिसायचीही नाही, पण नानांच्या अंगठ्याला विंचवासारखी डसायची. मग पत्र्याची पट्टी घ्यायची, कड खरवडायची, वर पॉलिश पेपर, त्यावर ओलं फडकं. सोंड, पोट, कानामागची खाच, सगळं असं तुळतुळीत की माशी बसली तर घसरून पाटावर पडावी. एक माशी खरंच पडली होती म्हणे, आणि लंगडत प्रविणकडे तक्रार घेऊन गेली होती. हे अर्थात नानांनीच सांगितलेलं. घरी जेवायला बसले की ते भाकरीचा फोडसुद्धा आधी नखानं सपाट करायचे आणि मग तुकडा मोडायचे. एकदा कुणाच्या बारशाला गेले, तर पाळण्यातल्या पोराच्या हनुवटीवरच्या तिळावर अंगठा घासत बसलेले सापडले. पोराच्या आजीनं हात धरला म्हणून तीळ वाचला.

अशा माणसाच्या हातात ऋतुजानं पवनचक्कीची पाती दिली. तिची चूक म्हणावी तर एवढीच.

ऋतुजा ही प्रविणची धाकटी बहीण. रोह्याला एका तंत्रशाळेत शिकवते. निडी स्टेशनाच्या वर डोंगराच्या कुशीत आदिवासींची एक वाडी आहे. तिथं वीज आहे, म्हणजे असते आणि नसते. खालच्या विहिरीतलं पाणी वाडीच्या टाकीत चढवायला ऋतुजानं कुठून तरी एक जुनी, लहानशी पवनचक्की मिळवली होती. तीन पाती, प्रत्येक पुरुषभर उंचीहून थोडं जास्त. पण तिथला वारा पावसाळा सरला की अगदीच पाहुण्यासारखा, येतो, उंबऱ्यावर टेकतो आणि चाललो म्हणतो. एवढ्या वाऱ्यात चक्की फिरावी म्हणून ऋतुजानं प्रत्येक पात्याच्या पाठीवर, पुढच्या काठाच्या जरा मागं, नखाएवढ्या काळ्या प्लॅस्टिकच्या तिकोनी पट्ट्यांची रांग चिकटवली होती. दोन दोन पट्ट्यांची जोडी, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, रुसलेल्या नवराबायकोसारखी. नानांनी बघताक्षणी त्यांना नाव देऊन टाकलं, कुसळं.

"नाना, फक्त रंग हां," ऋतुजा म्हणाली होती. प्रविणकडं रंगाची गन होती म्हणून तर ती पाती पेणला आणली होती. "उन्हापावसात टिकायला वरून एक हात द्यायचा. पाठीवर मी जे चिकटवलंय त्याला अजिबात धक्का नको."

"म्हंजे हात नाय लावायचा?"

"नाय लावायचा."

"मंग रंग काय फुंकरीनं मारू?"

"नाना!"

"अगो, कळला. तुझ्या कुसळांना मी लेकरासारखा जपतो."

ती रोह्याला गेली. प्रविण मूर्तींच्या खोक्यांचं बघायला बाहेर गेला. नानांनी पहिलं पातं मांडीवर आडवं घेतलं, धूळ पुसावी म्हणून. समोर धोंडुबाई उंदरांना रंग देत बसली होती. गणपतीच्या पायाशी बसणारे लाडूवाले उंदीर, फळीवर पलटणच्या पलटण.

"नाना, त्या जिताड्याची गोष्ट सांगा ना, तुमच्या बापाची," धोंडुबाई म्हणाली.

झालं. नानांचा बाप खाडीत शिरला. गळाला जिताडा मासा लागला. जिताडा असा की बापानं होडी वल्हवायचं सोडून दिलं, कारण होडी आता जिताडाच ओढत होता. वाटेत त्यानं बापाला तीनदा विचारलं, कुठं उतरायचंय. जीभ खाडीत, आणि हात मांडीवरच्या पात्यावर. अंगठ्याला काहीतरी टोचलं. हातानं पत्र्याची पट्टी उचलली. जिताडा धरमतरच्या पुलाखाली पोचला तोवर पट्टी पात्याच्या अर्ध्यावर पोचली होती. जिताड्यानं बापाला घराच्या दारात सोडलं आणि स्वतः तव्यावर जाऊन झोपला, तेव्हा धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि नानांच्या मांडीवरचं पातं लोण्याच्या गोळ्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

नानांनी खाली पाहिलं. पायाशी काळी कुसळं पडली होती.

खोटं नाही सांगत, त्या क्षणी नानांच्या तोंडातली जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सांगायला काही सुचेना.

"काय झाला?" धोंडुबाई मान वर न करता म्हणाली.

"काय नाय. जिताडा आठवला."

आता इथं नाना प्रविणला फोन करू शकले असते. ऋतुजाला सांगू शकले असते. तिच्याकडं आणखी कुसळं होती, ती संध्याकाळच्या गाडीनं येऊन चिकटवून गेली असती, चार शब्द सुनावून गेली असती, आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण नानांनी मनाशी म्हटलं, नखाएवढी तर वस्तू. तीन पात्यांपैकी एकावर नसली म्हणून वाऱ्याला काय मोजता येतंय? मन असं समजूतदार झालं की समजावं, आत कुठंतरी लबाडी शिजतेय.

राहता राहिली कुसळं. कारखान्यात काही टाकून द्यायची पद्धत नाही, आणि टाकली तर प्रविणला दिसणार. त्या वर्षी उंदरांचा साचा जुना झालेला, निम्म्या उंदरांचे कान मोडके निघत. नानांनी एक कुसळ उचललं, भेगा बुजवायच्या लांबीच्या ठिपक्यानं एका उंदराच्या डोक्यावर बसवलं. जोडीतलं दुसरं दुसऱ्या बाजूला. एक इकडं, एक तिकडं. देवानं घडवावा असा कान! नानांना क्षणभर स्वतःचं कौतुकही वाटलं. संध्याकाळपर्यंत फळीवरचे सगळे बिनकानी उंदीर कानवाले झाले, वर करडा रंग बसला, आणि चोरीचा माल उंदरांनी लपवला.

"हे कान कुठनं आणलात?" धोंडुबाईनं विचारलं.

"माशाचे पर हायेत. त्या जिताड्याचे."

पहिल्या पात्याला रंग, दुसऱ्याला रंग, तिसऱ्याला रंग. बारदानात गुंडाळून तिन्ही तयार.

पाती न्यायला टेंपो घेऊन मोतीराम आला. हा त्या वाडीतलाच. चक्कीची राखण, ग्रीस, वादळ आलं तर पाती बांधून ठेवणं, हे सगळं त्याच्याकडं देणार होते. नाहीतर दरवर्षी दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको जानी वीटभट्टीच्या मुकादमाच्या गाडीत बसून बाहेरगावी जात, ते पावसाच्या तोंडावर परत येत. या वर्षी पहिल्यांदा ती दोघं घरी राहणार होती. म्हणून मोतीराम टेंपोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसलाच नाही. मागं पात्यांसोबत बसला, तिघांची डोकी मांडीवर घेऊन, जुळ्यातिळ्यांच्या बापासारखा.

नाना रामवाडीला राहतात, म्हणून तेही टेंपोत चढले. रामवाडीच्या नाक्यावर जगनच्या टपरीशी टेंपो थांबला. मोतीरामनं चहा टेंपोतच मागवला, पाती सोडून खाली उतरला नाही. नाना उतरले, हात हलवला, टेंपो गेला. रामवाडीला घडलं ते एवढंच.

पाती मोतीराम आणि वाडीतल्या पोरांनीच चढवली; ऋतुजा त्या दिवशी तंत्रशाळेत अडकली होती, आणि पाठीवर काय असायला हवं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. चक्की उभी राहिली. जोराचा वारा आला की ती फिरे, पण अशी, जसा एक पाय आखूड असलेला माणूस धावतो. खांब थरथरे, पाणी टाकीत पिचकारीसारखं येई. मंद वाऱ्यात तर ती हलायचीही नाही. ज्या वाऱ्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच वाऱ्यात ती पुतळ्यासारखी उभी. वाडीतल्या बायका हंडे घेऊन पुन्हा खालच्या विहिरीवर जाऊ लागल्या.

ऋतुजाचा प्रविणला फोन आला. प्रविणनं तिथूनच हाक मारली, "नाना, पाती नेताना काय झालं होतं का? तुम्ही होतात ना टेंपोत?"

कारखान्यातले सगळे मान वर करून नानांकडं बघू लागले. फळीवरचे उंदीरही. नव्या कानांचे.

खरं बोलायला तोंड उघडायचं आणि त्यातून भलतंच बाहेर पडायचं, ही नानांची जुनी खोड. त्यांनी तोंड उघडलं.

"झाला काय म्हंजे? रामवाडीचा नाका आला, खाडीवरचा वारा सुटला, आन् एक पातं बारदान फेकून उठून बसला! माणूस झोपेतनं उठतो तसा. मोतीराम म्हणतो, बस बस. पातं कुठला ऐकतंय? घेतला उड्डाण! मोतीराम शेपटाला लटकलेला. हायवे ओलांडला. एसटीचा डायव्हर काच खाली करून विचारतो, कुठं चाललंय हे? मोतीराम वरनं सांगतो, रोह्याला! मंग मिठागरात जाऊन आपटला. एक म्हैस बसली व्हती, ती उठून थेट बाजारात दूध घालायला गेली. मोतीरामनं पातं पुसला, टेंपोत ठेवला, आन् मला म्हणतो, नाना, कुणाला बोलू नका हां!"

कारखाना हसून हसून लोळला. प्रविणनं फोनचा स्पीकर चालू ठेवला होता, तिकडं ऋतुजाही हसली. नानांना वाटलं, सुटलो.

पण थापेचं असं असतं की लोक टरफल फेकतात आणि बी खिशात घालतात. उडणं, एसटी, म्हैस, हे सगळं हसण्यावारी गेलं. उरलं ते एवढंच, पातं पडलं होतं, आणि मोतीराम म्हणाला, कुणाला बोलू नका.

चार दिवसांनी ऋतुजा स्वतः कारखान्यात आली. चेहरा उतरलेला.

"एक पातं साथ देत नाही," ती प्रविणला सांगत होती. "दोन जोर लावतात आणि तिसरं लोळतं. पडताना आतून तडकलं असणार. नवीन मागवलंय, ते येईल तेव्हा खांब आडवा करू. तोवर चक्की बांधून ठेवलीय."

नाना एका गणपतीचं पोट घासत होते. पोट केव्हाच गुळगुळीत झालं होतं, तरी घासत होते.

"ऋतुजा," ते म्हणाले, "ती कुसळं गो. ती कशाला असतात?"

ऋतुजाला विषय मिळाला की ती शिकवायलाच लागते. तिनं एक पाट उचलून तिरका धरला. "वारा पात्याच्या पाठीवरून सरकतो ना नाना, त्या सरकण्यातच पात्याला उचल मिळते. पण पाठीला घासून घासून वारा दमतो. अर्ध्या वाटेत पाठ सोडतो आणि भोवऱ्यात लोळायला लागतो. त्यानं पाठ सोडली की पातं मेलं. ही कुसळं काय करतात, वरचा ताजा वारा ढवळून खाली आणतात. भोवरेच करतात, पण बारके, कामाचे. दमलेल्याला ताज्याचा हात मिळतो, आणि तो शेवटपर्यंत पाठीला धरून राहतो. थोड्या वाऱ्यातसुद्धा."

"म्हंजे पाठ गुळगुळीत असलेली बरी नाय?"

"तिथं नाय, नाना. तिथं थोडं टोचलेलंच बरं."

नानांच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला. सबंध जन्म ज्या एका गोष्टीवर काढला, तिनंच वाडीचं पाणी तोडलं होतं.

"आणि त्या मोतीरामचं वाईट वाटतं," ऋतुजा म्हणाली. "पाणी समितीतले लोक म्हणतात, पाडलं ते पाडलं, वर लपवलं. असा माणूस राखणीला नको. तो कबूल करत नाही. पण तुम्ही प्रविणदादाला सांगितलंत ना. उडणं सोडा, पण पडलं तर असणारच. परवा मुकादमाची गाडी येतेय, म्हणाला, मग आम्ही जातो भट्टीवर."

आता बोल, हिरामणा. नानांनी तोंड उघडलं. फळीवर उंदीर कान टवकारून बसले होते. नानांच्या तोंडून निघालं ते असं, "मोतीराम माणूस चांगला हाय गो."

"चांगला आहे म्हणूनच भिऊन लपवलं असेल," ऋतुजा म्हणाली आणि निघून गेली.

बाजू घ्यायला गेलेलं वाक्य खिळ्यासारखं मोतीरामच्याच पायात घुसलं. उरलेला दिवसभर नाना कारखान्यात फळीकडं पाठ करून बसले. पण कानांना काय, पाठीमागूनही ऐकू येतं. धोंडुबाई म्हणाली, एखादी गोष्ट सांगा. नाना म्हणाले, घसा बसलाय. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक उंदीर उचलला, फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पेणहून रोह्याची गाडी पकडून निडीला उतरले. डोंगर चढताना उंदीर छातीवर आपटत होता. काळीज कुठलं आणि उंदीर कुठला, ते कळेना.

वाडीत मोतीराम भांडी गोणीत भरत होता. जानीनं नानांना बसायला घोंगडी दिली, कोरा चहा ठेवला.

"नाना, तुमच्यावर माझा राग नाय," मोतीराम आपणच म्हणाला. "तुमी पाह्यलं ते बोललात."

"मोतीराम, आरं मी..."

"नाय, आयका. म्या लय इचार केला. आधी म्हणत व्हतो, पडलं नाय. पन एवढी मानसं म्हंतात. तुमी रामवाडीला उतरलात, त्याच्या फुडं माझा डोळा लागला आसंल. तेवढ्यात पडलं आसंल, नि डायवरनं गुपचूप उचलून ठेवलं आसंल. म्या झोपलो आसंल, नाना. बायांना हंडे घेऊन जाताना बघतो नि माझी मान वर व्हत नाय."

"झोपंतबी हात आसं धरून आसतो," जानी म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात मांडीवर घेऊन दाखवले. काहीतरी जड वस्तू जपून धरल्यासारखे.

नानांनी चहा खाली ठेवला. आजवर त्यांच्या थापा लोकांनी ऐकल्या होत्या, हसण्यावारी नेल्या होत्या, चावून थुंकल्या होत्या. एखाद्यानं ती गिळावी, आणि ती त्याच्या पोटात जाऊन त्याचीच आठवण होऊन बसावी, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"ऋतुजा कुठं हाय?" ते उठले.

ऋतुजा टाकीपाशीच होती. पाणी समितीची मंडळीही होती, त्यांची म्होरकी गिरजाबाई, कमरेवर हात ठेवून. नानांनी तिथं जाऊन एका दमात सांगितलं. पातं पडलं नाही. उडालं नाही. कुसळं मी खरवडली. बोलता बोलता हात चालला. आणि त्या कुसळांचे मी उंदरांना कान केले.

मग गिरजाबाई अशी हसली की झाडावरचे कावळे उडाले.

"म्हाताऱ्या, त्या दिशी पातं उडालं, आज उंदराला कान फुटलं! उद्या काय, चक्की पेणला येऊन चहा पिऊन जानार?"

"देवाशपथ खरं हाय!"

"म्हशीच्या वेळी कुणाची शपथ व्हती?"

ऋतुजा मात्र हसली नाही. तिनं हळूच नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, तुम्हाला मोतीरामसाठी वाईट वाटतंय, कळतं मला. पण त्याला वाचवायला तुम्ही स्वतःवर..."

"अगो पोरी, वाचवतोय कुठला!"

तेवढ्यात जानी पुढं आली आणि वाकून तिनं नानांच्या पायांना हात लावला. "माज्या नवऱ्यासाठी बालंट अंगावर घेताय, बाबा. आमचं कुनी एवढं करत नाय."

नानांना वाटलं, डोंगरानं आता तोंड उघडावं आणि आपल्याला घ्यावं. जन्मभर खोटं सांगितलं तेव्हा टाळ्या मिळाल्या, आणि आज पहिल्यांदा खरं बोललो तर नमस्कार, तोही अशा माणसाचा. त्यांनी पाय मागं ओढले. खिशात हात घातला. फडकं सोडलं.

करडा, लहानसा उंदीर. हातात लाडू, डोक्यावर दोन टोकदार कान. धोंडुबाईनं डोळे असे काढले होते की आता पळेल.

मूर्तीचा कुठलाही भाग मोडायचा नाही, हे नानांच्या हाताला जन्मापासून ठाऊक. हात मानेना. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याच्या नखानं एक कान उचकटला. लांबी कडकडली, रंगाचा पापुद्रा उडाला. मग दुसरा. काळ्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे त्यांनी ऋतुजाच्या तळहातावर ठेवले, जोडीनं, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं.

ऋतुजानं ते नखानं खरवडले. खाली तिचा स्वतःचाच गोंद अजून चिकटलेला होता. तिनं पिशवीतून उरलेलं एक कुसळ काढलं, शेजारी ठेवलं. मग कितीतरी वेळ ती नुसती नानांकडं बघत राहिली. ते बघणं नानांना गिरजाबाईच्या हसण्यापेक्षा जड गेलं.

जानीनं, ज्या हातानं पाय शिवले होते, तो हात लुगड्याला पुसला.

बोलला तो मोतीराम. पण नानांशी नाही. "जाने, आयकलंस? म्या झोपलो नव्हतो." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "म्या जागा व्हतो!" आणि मटकन टाकीच्या कट्ट्यावर बसला.

दुपारी वाडीनं दोर लावून खांब आडवा केला. नवं पातं येईपर्यंत थांबायची गरजच उरली नव्हती. ऋतुजानं तिन्ही पात्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दोन टोचली. तिसऱ्यावरून हात असा सरकला की ती थांबली आणि परत मागं आली. रंगाखाली एक खूण नाही, एक खरवड नाही. उभ्या पेणमध्ये असं काम करणारा दुसरा हात नव्हता.

"नाना," ती म्हणाली, "एवढं सुंदर काम कुणी कुणाचं वाटोळं करायला करू नये."

तिनं नव्या कुसळांची डबी उघडली तेव्हा नाना सवयीनं पुढं सरकले.

"तुम्ही तिकडं बसा. हात मांडीखाली घ्या."

आणि हिरामणनाना, ज्यांच्या हातापुढं लंबोदरसुद्धा पोट आत घेतो असं धोंडुबाई म्हणते, वाडीच्या कट्ट्यावर शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ऋतुजा जोडी जोडी चिकटवत गेली आणि मोतीराम पात्याचं डोकं मांडीवर धरून बसला. गोंद वाळेपर्यंत कुणी नानांना गोष्ट सांगा म्हटलं नाही.

खांब उभा राहिला तेव्हा वारा जेमतेम होता. झाडाची पानं हलत होती, फांद्या नाही. चक्कीनं थोडा विचार केला, मग तिन्ही पाती मिळून एका लयीत वळली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मोतीरामनं दारातली भांड्यांची गोणी उलटी केली. दुसऱ्या दिवशी मुकादमाची गाडी आली, तशीच रिकामी गेली.

इथं संपलं असं वाटेल, पण थाप अजून रामवाडीला फिरत होती. ती कारखान्यातून निघून जगनच्या टपरीवर गेली होती, आणि टपरीवरची गोष्ट हायवेनं दोन्ही बाजूंना जाते. महिन्याभरानं मोतीराम ग्रीसचा डबा घ्यायला पेणला आला. नाना त्याला सोडायला रामवाडीपर्यंत आले, आणि दोघं टपरीवर टेकले तोच बाकावरचा कुणीतरी ओरडला, "आला रे, उडता मोतीराम! आज किती पाडलीस?"

मोतीराम खाली मान घालून हसला. त्याला ती सवय झालेली दिसत होती, आणि नेमकं तेच नानांना सोसवलं नाही. त्यांनी खिशातून कान नसलेला उंदीर काढून जगनच्या बरणीशेजारी ठेवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या गोष्टीत काही उडालं नाही, काही बोललं नाही, कुठलीही म्हैस बाजारात गेली नाही.

टपरी जितकी उडत्या पात्याला हसली नव्हती तितकी उंदराच्या कानांना हसली. जगननं डोळे पुसले. "नाना, पातं उडालं ते पटतंय हो. हे उंदराचं मात्र तुमी जरा जास्तच ताणलात."

नाना पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, तेवढ्यात मोतीरामनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वाडीतल्या त्या दुपारनंतर तो त्यांच्याशी पहिल्यांदाच असा बोलत होता.

"ऱ्हाऊ द्या नाना. उडालं म्हना. लोकांना आवडतंय. फकस्त पडलं म्हनू नका."

नानांच्या जिभेला पाणी सुटलं. केवढी सोय होती ती! पातं उडावं, पण पडू नये. मोतीरामनं ते हवेतच वळवून सरळ निडीला उतरवावं. वाटेत नागोठण्याला कुणी हात दाखवला तर त्यालाही बसवून घ्यावं. सगळी गोष्ट डोळ्यापुढं तयार उभी राहिली. बाकावरची माणसं वाट बघत होती.

"उडालं पन नाय," नाना म्हणाले. "मोतीराम पाती मांडीवर घेऊन मागं बसला व्हता. चहासुद्धा वरच मागवला त्यानं. जागा व्हता. निडीपर्यंत जागा व्हता."

"आन् मंग?" जगननं विचारलं.

"मंग काय नाय. एवढाच."

"ही काय गोष्ट झाली, नाना?"

लोक आपापल्या चहाकडं वळले. जगननं दोघांपुढं ग्लास ठेवले. नानांचा अंगठा सवयीनं काचेवरून फिरला आणि ग्लासाच्या अंगावरच्या साच्याच्या कडेशी अडकला. त्यांनी तो तिथून काढला, ग्लास दुसऱ्या बाजूनं धरला, आणि मोतीरामनं पहिला घोट घेईपर्यंत ते थांबले.